वांगी रंगाचं अस्तर

कल्पनाचा फोन आला तेव्हा मी देवरीला, शाळेच्या व्हरांड्यात वह्या तपासत बसले होते. पोळा होऊन आठेक दिवस झाले होते.

"मास्तरीनबाई, रविवारी ये. माझी पेटी पूर्वा होस्टेलले घेऊन जातो म्हणते. अस्तर बदलवाचं आहे. खळ तुझ्याच हातची पाहिजे."

कल्पना माझी मावसबहीण, पूर्वा तिची मुलगी. पेटी म्हणजे हातभर लांबीची लाकडी पेटी. बाहेरून कागदाची कापलेली चित्रं चिकटवलेली, आतून जुन्या कापडाचं अस्तर. मुली तिच्यात बांगड्या, फोटो, पत्रं, राखीचे गोंडे असलं सगळं जपून ठेवत. ही पेटी कल्पनानं स्वतःच्या लग्नासाठी स्वतः केली होती. चिकटवायची खळ मी करून दिली होती.

मी हो म्हणाले. पुढच्या दोन वह्यांवर काय लिहिलं ते मला आठवत नाही.

ती पेटी मी एकोणीस वर्षं पाहिली नव्हती. कल्पनाचं सासर बालाघाटकडचं. दोन वर्षांपूर्वी तिनं फुलचूरला घर बांधलं, मावशीला आपल्याजवळ आणलं. तिथं मी चार-पाचदा जाऊन आले, पण पेटीचं नाव काढलं नाही. कारण ती खळ मी मुद्दाम बिघडवून केली होती, आणि हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलं होतं. गाडीच्या खिडकीतून तो हिरवा, दुधट वास येत होता. आज सांगायचं, असं ठरवलं. मग वाटलं, कशाला? मग पुन्हा ठरवलं. असं आमगावपर्यंत चाललं.

मावशी पुढच्या खोलीत खाटेवर बरबटीच्या शेंगा निवडत होती. डोळ्याचं ऑपरेशन फसल्यापासून ती माणसं आवाजावरून ओळखते. "आली का बाई? वाळली काऊन इतकी?" माझा दंड चाचपून तिनं विचारलं. स्वयंपाकघरात कल्पनानं तांदळाची कणी रात्रीच भिजत घालून ठेवली होती, मिक्सरमधून काढूनही ठेवली होती. मी पातेलं गॅसवर चढवलं आणि ढवळायला लागले. खळ शिजायला लागली की पहिल्यांदा एक वास येतो. नुकत्याच जेवलेल्या लहान मुलाच्या तोंडाला येतो तसा, कोमट आणि किंचित आंबूस. तो वास आला आणि मी कुडव्याला पोचले.

मावशीचं घर तेव्हा कुडव्याला होतं. कॉलेजसाठी मी तिच्याकडे तीन वर्षं राहिले. बाबांनी मला बिरसीकडच्या आमच्या गावाहून सायकलवर बसवून आणलं होतं, मागं कॅरिअरला पत्र्याची ट्रंक बांधून. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. मावशीच्या दोन खोल्या, त्यात तीन माणसं, चौथी मी. तिथं माझ्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली गेली आणि ती जागा कधी कोणी परत मागितली नाही. मावसाजी राइस मिलमध्ये होते. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या शर्टाला उकडलेल्या धानाचा आणि कोंड्याचा वास यायचा. मी वाचत असले तर ते दाराशीच चपला हातात घेऊन आत यायचे, आवाज होऊ नये म्हणून. आज माझ्याकडे जे आहे ते त्या घरामुळे आहे. हे मी वर्गात मुलांनाही सांगते. आणि त्याच घरात मी तीन वर्षं जळत राहिले, हे सांगत नाही.

मावशी लोकांच्या मुलींसाठी पेट्या करायची आणि रविवार अस्तराच्या कपड्यांचा असायचा. बाजारात रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग टाकलेले असत. बाया वरचे कपडे उचलून झटकून पाहत. मावशी थेट ढिगाच्या पोटात हात घालायची. "वरचं कापड साऱ्या दुनियेनं पाह्यलेलं असते," म्हणायची, "आपण खालचं पाहाव." कापड हाती लागलं की उन्हाकडे धरायचं, दोन बोटांत चोळायचं, कडेचा एक धागा ओढून काडीनं पेटवायचा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. प्लास्टिकसारखा आला तर ठेव परत. घरी आणून रिठ्याच्या पाण्यात भिजवलं की त्यातून कोणाकोणाची घरं निघायची. हळदीचा वास, डांबराच्या गोळ्यांचा, दवाखान्याचा, एकदा तर चक्क तंबाखूचा. मावशी म्हणायची, "हा कोण्या बुढ्याचा फेटा असल. धू त्याले चांगला, पोरीच्या पेटीत जाऊन राहिला तो."

चित्रं जुन्या कॅलेंडरांवरून, लग्नपत्रिकांवरून, साडीच्या खोक्यांवरून आणि बिडीच्या लेबलांवरून यायची. गल्लीतल्या कोणाकडेही लग्न झालं की उरलेल्या पत्रिका मावशीकडे. तिचा एक नियम होता. देवाला कात्री लावायची नाही. कॅलेंडरवर देवच जास्त असायचे, म्हणून देवाच्या अवतीभवतीचं तेवढं कापून घ्यायचं: कमळ, हंस, नदी, केळीचे खांब, दिवे. उरलेले देव भोकाभोकांच्या कागदात एकटे उभे राहायचे. त्यांची चळत बांधून ठेवायची आणि वर्षातून एकदा वैनगंगेवर गेलं की पाण्यात सोडायची. सरस्वतीच्या पायाशी बसलेला मोर कल्पनानं एकदा असा काढला की देवीच्या लुगड्याचा काठसुद्धा दुखावला नाही. मावशी तो मोर हातावर घेऊन सगळ्या गल्लीत फिरली. मी खिडकीत रसायनशास्त्र वाचत होते. मला वाटलं, वा, सरस्वती माझ्या वाट्याला आणि मोर हिच्या.

कल्पनाचा हात तसाच होता. कात्री ती फिरवायची नाही, कागद फिरवायची. कात्री एका जागी कुरकुरत राहायची आणि कागदातून हळूहळू हंसाची मान बाहेर यायची. तिचं कॉलेज पहिल्या वर्षालाच सुटलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. दुपारभर दोघी मायलेकी चटईवर पाय पसरून बसायच्या. एक कापायची, एक लावायची, पितळी चमच्याच्या पाठीनं कागदाखालची हवा दाबून काढायची. मधूनमधून काहीतरी बोलून हसायच्या. काय बोलल्या ते मला ऐकू यायचं नाही, हसणं मात्र नेमकं यायचं.

मीही कापून पाहिलं. माझ्या पोपटाची चोच कात्रीत गेली. मावशीनं तो उजेडात धरला. "अवो बाप्पा. हा आता मिरची कशानं खाइल?"

"तेले तिखट चालत नाही, आई," कल्पना म्हणाली. "शिकलेला पोपट आहे तो."

मीसुद्धा हसले. मग माझ्याकडे खळीचं काम आलं आणि ते मला दिलं गेलं ते मोठ्या मानानं. खळीत मोरचूद घालावं लागतं. निळे, काचेसारखे खडे असतात. ते कुटून, पाण्यात विरघळवून, खळ थंड झाल्यावर घालायचे. नुसती तांदळाची खळ म्हणजे कसरीला, त्या कागद खाणाऱ्या किड्याला, जेवणाचं आमंत्रण. दोन पावसाळ्यांत कागद-कापड चाळणी होतं. मोरचूद असलं की कसर फिरकत नाही. पण ते विष. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर रंग उतरतात. "हे तूच कर," मावशी म्हणाली. "तू सायन्सवाली. आमचं आपलं चिमटीचं काम, कधी कमी कधी जास्त." त्या दिवसापासून मोरचुदाची पुडी माझ्या ताब्यात. मी ते कॉलेजात शिकल्यासारखं मोजून घालायची, प्रत्येक वेळी सारखं. खळीला किंचित निळसर झाक यायची. मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं ते माप सांगायची. पण येणारा-जाणारा खळ बघत नाही. खळ कागदाच्या मागं असते.

लोक म्हणायचे, "कल्पनाच्या हातची पेटी पाहिजे." एकदा माझी आई गावाहून तांदूळ घेऊन आली. तेव्हा नुकतीच झालेली एक पेटी उन्हात वाळत होती. आईनं तिच्यावरून तळहात फिरवला, परत फिरवला, आणि म्हणाली, "माझ्या पोरीले यातलं काही नाही येत." मी त्या वर्षी कॉलेजात पहिली आले होते. आईनं ते अभिमानानं गावभर सांगितलं होतं, मला माहीत होतं. तरी त्या दुपारी मी चांगली कात्री उचलून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. दोन दिवस सगळे शोधत होते. तिसऱ्या दिवशी मीच ती शोधून दिली आणि शाबासकी घेतली.

वांगी रंगाचं कापड मला सापडलं होतं. पहिल्याच वर्षी, थंडीत. मावशीसारखा मीही ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बोटांना काहीतरी पाण्यासारखं लागलं. ओढलं तर जुन्या रेशमी लुगड्याचा अर्धा तुकडा. तजेलदार वांग्याचा रंग, कडेला बारीक जर, एका जागी वाटीएवढा तेलाचा डाग. धागा जाळला, केसाचा वास. घरी येईपर्यंत ते कापड मावशीनं पिशवीत टाकलं नाही, काखेत धरलं. धुऊन, कडुलिंबाची पानं घालून तिनं ते स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं. "वेळ आली की काढू," मला म्हणाली.

मला म्हणाली, म्हणून मी समजले की वेळ माझी. अभ्यास करून डोळे दुखायला लागले की मी त्या कापडाचा विचार करायची. माझी पेटी. त्यात मी काय ठेवीन ते ठरवायची. ट्रंक उघडली की कडुलिंबाचा वास यायचा आणि मी मान वर करून बघायची.

तिसऱ्या वर्षी, माझ्या परीक्षेच्या आगेमागे, कल्पनाचं लग्न ठरलं. मावशीच्या घरची रीत अशी की नवरी आपली पेटी आपणच करते. कोणी हात लावायचा नाही. खळ तेवढी बहिणीनं करून द्यायची. मावशीनं ट्रंक उघडली, कापड काढलं आणि कल्पनाच्या मांडीवर ठेवलं. कल्पनानं ते गालाला लावलं. मग माझ्या गालाला लावलं. "पाह्य न, कसं थंडं आहे." तेलाचा डाग कुठं लपवायचा याचा विचार तिनं लगेच सुरू केला. तो आता तिचा डाग होता.

मी मागच्या अंगणात चुलीवर खळ शिजवली. वैशाखातलं ऊन, आंब्याच्या वाळल्या पानांचा आवाज, मिलचा भोंगा. खळ थंड झाली. मी मोरचुदाची पुडी उघडली, पाहिली, पुन्हा बांधली. पण खळ पांढरी दिसली असती. कोनाड्यात कपड्यांच्या निळीची बाटली होती. तिचे दोन थेंब घातले, ढवळलं. अगदी नेहमीसारखी झाक आली. घाईत झालं, चुकून झालं, असं मी स्वतःला पुढं फार वर्षं सांगून पाहिलं. पण निळीचे थेंब चुकून पडत नाहीत.

मोर झाकणावर बसला, आत वांगी अस्तर लागलं. ती आजवरची सगळ्यात सुंदर पेटी झाली. निघताना कल्पनानं ती जीपमध्ये मांडीवर घेतली. सगळे रडत होते. मीही रडले, आणि रडताना हिशेब करत होते, दोन पावसाळे, फार तर तीन.

त्यानंतर कुठलाही पावसाळा मला नुसता पावसाळा म्हणून मिळाला नाही. जुनं पुस्तक उघडलं आणि चंदेरी कसर सर्रकन पानातून गेली की मला बालाघाट आठवायचं. कल्पना फोनवर पूर्वाचं बोलायची, सासूचं, मिरच्यांच्या भावाचं. पेटीबद्दल एक शब्द नाही. मला नोकरी लागली तेव्हा मावशीनं आणि तिनं मिळून माझ्यासाठीही एक पेटी केली. बाहेरून हंस, आत पिवळं सुती कापड. ती पेटी आजही माझ्या कपाटात आहे, कोरी करकरीत. त्यात गुणपत्रिका आहेत आणि नियुक्तीचं पत्र. उघडली की नव्याचा वास येतो.

"लागली का बुडाले?" कल्पनाच्या आवाजानं मी भानावर आले. गॅस बंद केला. ती दोन्ही हातांत पेटी घेऊन दारात उभी होती. तिनं ती ओट्यावर ठेवली तेव्हा आवाज जड आला.

मी ओळखली नाही. पेटी सुजल्यासारखी जाड झाली होती, कडा गोल झाल्या होत्या. वांगी रंग कुठंच नव्हता. मोर होता, पण त्याची शेपूट धानाच्या बियाण्याच्या पिशवीवरच्या लोंब्यांची होती, सोनेरी, मूळ शेपटीहून दुप्पट.

"पहिल्याच पावसात शेपूट गेली तेची," कल्पना म्हणाली. "खूप रडली मी. त मग सासूनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून देला. म्हणे लाव, रडतं काऊन. मग तोबी खाल्ला." ती नखानं एकेक कड उचलून दाखवत होती. हा सासूचा पदर. त्यावर पूर्वाचं पहिलं झबलं. नणंदेच्या लग्नपत्रिकेतली केळी. मावसाजी गेले त्या वर्षीचा त्यांचा मिलमधला शर्ट. मी नकळत वाकून वास घेतला, काही येत नव्हता. नवऱ्याच्या दुकानाचं पहिलं बिलबुक, पूर्वानं तिसरीत काढलेला बैल. दरवेळी कसर खात गेली आणि दरवेळी हिनं वरून काहीतरी लावलं. एकोणीस वर्षं एकावर एक चिकटून बसली होती.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण सगळ्यात आधी जे वर आलं ते ओळखीचं होतं. खिडकीतलं जळणं. माझी पेटी कपाटात जशीच्या तशी होती आणि हिची अशी.

"कल्पना," मी म्हणाले, "तेव्हा खळीत मी मोरचूद घातलं नव्हतं."

"मले त वाटलंच होतं." तिनं मान वर केली नाही. "कात्रीनं बोटं चिरलेली राहत होती माही. तुही खळ लागली का चरचरत होती. त्या दिवशी नाही चरचरली. म्हटलं, परीक्षा होती, विसरली असल. आईले नाही सांगतलं. आई आली का म्हणत होती मी, कंटाळा आला म्हणून बदलवलं."

इथं थांबता आलं असतं. तिनं माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, आणि तेही एकोणीस वर्षं. गॅसवर पातेल्याचा कडकड आवाज होत होता, तापलेलं भांडं निवताना होतो तसा.

"विसरले नव्हते. निळीचे थेंब घातले होते, कळू नये म्हणून. ते कापड मला पाहिजे होतं."

आता तिनं पाहिलं. मग पेटी उचलून आपल्याकडे ओढली, झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"ते कापड," ती म्हणाली, "तीन महिने राह्यलं माह्याजवळ. तीन महिने."

"माहीत आहे."

"तुले काय माहीत आहे? तुले काहीच माहीत नाही." आवाज चढला नव्हता. "पेटी उघडून त्यात तोंड खुपसून बसत होती मी. तिथं माह्या घरचा तोच एक वास होता."

तिनं फळीवरून एक पुडी काढली आणि माझ्यापुढं आपटली. निळे खडे होते. "घाल. माह्यासमोर घाल."

मी खडे कुटले, पाण्यात विरघळवले आणि खळ निवल्यावर घालू लागले. ती एक हात पेटीवर ठेवून प्रत्येक थेंब बघत होती. मोरचुदाचं पाणी जरा जास्त पडलं.

तेवढ्यात मावशी भिंतीला धरून दाराशी आली. नाक वर करून तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला.

"झाली का खळ? पूर्वाले म्हणा, नशीबवान आहेस. तुह्या मायच्या पेटीले इतकी वर्षं झाली, कसरीनं तोंड नाही लावलं. मावशीचं मापच तसं आहे तुह्या. सायन्सवाली आहे ते." मग कल्पनाच्या दिशेनं, "नाही का वो?"

पेटीवरचा कल्पनाचा हात हलला नाही. ती माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात माफी नव्हती.

"हो न, आई," ती म्हणाली. "तिच्यासारखं माप कोणाले नाही जमत."

मावशी समाधानानं हसली आणि चाचपडत माझा हात शोधून धरला. कल्पनानं बाजूचा ब्रश उचलला, खळीत बुडवला, झाकण उघडलं आणि नवं अस्तर लावायला घेतलं. हात अगदी स्थिर. ते एक वाक्य तिनं किती सहज म्हटलं. मला आयुष्यात तसं एकही वाक्य म्हणता आलं नसतं. मावशीचा हात हातात धरून मी कल्पनाकडे बघत राहिले, आणि माझ्या आत तेच जळणं पुन्हा सुरू झालं.